घाबरायचं काम

आमच्या घरात घाबरायचं काम माझ्याकडे होतं. दादाकडे मशीन, वहिनीकडे गिऱ्हाइकं आणि माझ्याकडे भीती, अशी वाटणी कुणी बसून केली नव्हती, पण ती पडली होती खरी. कुलूप लावलं का, शेगडी बंद केली का, वारा सुटलाय तर पत्रे उडतील का, हे सगळं मी विचारायचं आणि त्या दोघांनी हसायचं. दादा मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणायचा. पुढे त्यातलं नुसतं भागू उरलं. लग्न का केलं नाहीस असं मला कुणी विचारलं की वहिनीच परस्पर उत्तर देऊन टाकायची, "मुलगा हो म्हणेल अशी भीती वाटली तिला."

आमची हॅचरी आहे. अंडी उबवायची आणि पिल्लं विकायची. इमारत उतारावर आहे, त्यामुळे रस्त्यावरून पाहिली तर एकमजली दिसते आणि मागून पाहिली तर दुमजली. खालचा मजला उतारात खणून काढलाय. तिथे उन्हाळ्यातही गार राहतं. वर अंड्यांची मशीनं, वहिनीची पॅकिंगची खोली आणि माझी अंधारी खोली. अंडी जवळजवळ तीन आठवडे वर राहतात आणि फुटायला आली की खाली उतरवतात. खालच्या खोलीचं एक दार मागच्या खळग्यात उघडतं. दाराच्या वर मोठा पंखा आहे, तो खळग्यातली गार हवा आत ओढतो. दारापासून थोडं पुढे टरफलांचा आणि वाया गेलेल्या अंड्यांचा ढीग. त्यावर कावळ्यांची रोजची सभा.

अंधाऱ्या खोलीत दिव्यावर एकेक अंडं धरून पाहायचं, हे माझं दुसरं काम. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की जीव आहे. नुसतं पिवळं दिसलं की काही नाही. काळं दिसलं की कुजलंय, आणि ते हलक्या हाताने बाजूला काढायचं, कारण कुजकं अंडं ट्रेमध्ये फुटलं की शेजारची दहा नासवतं. नवखा माणूस त्या वासाने दारातूनच परत फिरतो. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. दादा म्हणायचा, हा वास ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी समजायचं, धंदा बसला.

खळग्याच्या पलीकडच्या माळावर गॅससाठी ड्रिलिंग सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा आवाज आला. उंच लोखंडी मनोरा उभा राहिला आणि त्याच्या पायाशी यंत्रं घुमायला लागली. बोलता येऊ नये इतका मोठा तो आवाज नव्हता. कानाच्या आत कुणीतरी कुरकुरत बसावं तसा होता, आणि तो थांबत नसे. मनोऱ्याशेजारी एका नळीच्या टोकावर जाळ पेटला. संध्याकाळी दिवे लावायच्या आधीच आमच्या भिंती नारिंगी व्हायच्या.

आमच्या माळ्यावर घुबडांची जोडी होती. पांढऱ्या तोंडाची, चपट्या चेहऱ्याची. मला त्यांची प्रचंड भीती वाटायची. माळ्याची शिडी चढले की ती दोघं मान वाकडी करून माझ्याकडे अशी बघायची की मी काहीतरी चोरायला आले आहे. पण ती होती म्हणून आमच्याकडे उंदीर नव्हते. अंधारात उंदराच्या पायाची खुसखुस ऐकून ती झडप घालतात, डोळ्यांपेक्षा कानावर जगतात. आता त्या यंत्रांच्या घरघरीत त्यांना काय ऐकू येणार? काही दिवस ती उपाशी दिसली, मान आत ओढून बसलेली. मग दिसेनाशी झाली.

"बरं झालं," दादा म्हणाला. "माळा घाण करून ठेवायची."

"दादा, ती गेली कशी?"

"पंखांनी गेली. तू घुबडांना घाबरतेस ना? मग आता घुबडं नाहीत म्हणूनही घाबरणार का?"

मी खरोखरच त्याहून जास्त घाबरले होते. असलेल्या गोष्टीची भीती दिसते तरी. गेलेल्या गोष्टीची भीती कुठे बसली आहे ते कळत नाही.

मग पाकोळ्या आल्या. त्या दरवर्षी यायच्या आणि आमच्या वळचणीला मातीची घरटी बांधायच्या. या वर्षी आल्या आणि बांधायचं सोडून त्या जाळाभोवती फिरत राहिल्या. जाळावर किडे येत होते आणि किड्यांमागे पाकोळ्या. सकाळी पत्र्यावर चढून पाहिलं तर तीन-चार पडलेल्या होत्या, शेपटीची पिसं करपलेली. एक जिवंत होती. मी ती ओंजळीत घेतली. तिचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं, आणि ते थांबलं तेही बोटांनाच कळलं. वहिनीने ती माझ्या हातातून घेतली, कागदात गुंडाळली आणि म्हणाली, "भागू, हात धू. आणि रडू नकोस गं, आपण कोंबड्या विकतो." ती असं बोलायची, पण पुडकं तिने ढिगावर टाकलं नाही. जाऊन मातीत पुरलं.

आजूबाजूच्या लोकांना काय काळजी घ्यायची ते सांगायला कंपनीने एक अधिकारी पाठवला. आमची पॅकिंगची खोली मोठी, म्हणून बैठक आमच्याकडेच झाली. पांढरं हेल्मेट घातलेला तरुण होता. खोलीत आल्यावरही त्याने ते काढलं नाही, म्हणून वहिनीने त्याचं नाव हेल्मेटवाला ठेवलं. तो म्हणाला, जमिनीतून येणाऱ्या गॅसमध्ये एक विषारी गॅस असू शकतो. हवेपेक्षा जड असतो, म्हणून खळग्यात, तळघरात साचतो. "त्याची खूण सोपी आहे. कुजक्या अंड्यासारखा वास आला की घर सोडायचं आणि चढावर पळायचं."

खोलीतले सगळे असे हसले की खुर्च्या हलल्या.

"साहेब," वहिनी म्हणाली, "मग मी लग्न झाल्यापासून पळतेच आहे म्हणायचं."

हेल्मेटवालाही हसला. बिचाऱ्याला आपण कुठे उभं राहून काय बोललो ते तेव्हा कळलं. लोक उठायला लागले, चहाचे कप वाजायला लागले, आणि त्या गडबडीत तो आणखी दोन गोष्टी म्हणाला. पुढच्या खुर्चीवर मी होते, म्हणून मला ऐकू आल्या. एक म्हणजे, आत कुणी पडलेलं दिसलं तरी मागोमाग जायचं नाही, कारण एकामागे दुसरा आणि दुसऱ्यामागे तिसरा, असे सगळेच पडतात. आणि दुसरी, "गॅस जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास येत होता आणि एकदम गेला, तर सुटलो असं समजू नका. तेव्हा जास्त घाबरा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला घाबरायची रीतसर परवानगी दिली होती. त्या संध्याकाळी मी दोन्ही गोष्टी दादाला आणि वहिनीला शब्दन् शब्द सांगितल्या. दादा म्हणाला, "घ्या! आधीच भागू, त्यात साहेबाचा सल्ला."

जाताना हेल्मेटवाल्याने खालच्या खोलीत एक पिवळी पेटी बसवून दिली. गॅस आला की ती बोंबलणार होती. तिच्यावर फोन नंबर होता. तसाच एक कागद त्याने पुढच्या दारावरही चिकटवला. ती पेटी लागली तेव्हापासून मला बरं वाटायला लागलं. चला, आता घाबरायला घरात आणखी कुणीतरी आहे.

पण घुबडं गेली होती, आणि उंदरांना ते कळलं होतं. आधी माळ्यावर खुसखुस, मग भिंतीत, मग दिवसाढवळ्या मशीनच्या मागे. उंदीर अंडं जागेवर खात नाहीत. दोघं मिळून ढकलत नेतात, कोपऱ्यात, पाइपामागे, ट्रेंच्या खाली, आणि अर्धं खाऊन विसरतात. पिल्लांसाठी खालची खोली तापवून उबदार ठेवलेली. विसरलेलं अंडं दोन दिवसांत कुजायचं आणि फुटायचं. आमच्याकडे वास पूर्वीही होता, पण तो पाहुण्यासारखा यायचा आणि जायचा. आता तो घरजावई झाला.

आणि प्रत्येक वेळी पिवळी पेटी बोंबलायची. पाइपामागे अंडं फुटलं, बोंबलली. ढीग उपसला, बोंबलली. पहिल्यांदा आम्ही तिघं धावत रस्त्यावर गेलो. वहिनीच्या पायात एकच चप्पल होती आणि मी नापास अंड्यांचा ट्रे उराशी धरून पळाले होते. दादा आत जाऊन आला तो हातात एक फुटकं अंडं घेऊन. दुसऱ्यांदाही अंडंच. तिसऱ्यांदा वहिनी उठलीच नाही. त्यानंतर कधीतरी दादाने पेटीची पिन काढली, वायर नीट गुंडाळली आणि पेटी कपाटात ठेवून दिली.

"लांडगा आला रे आला," तो म्हणाला. "किती वेळा पळायचं?"

"दादा, त्या गोष्टीत शेवटी लांडगा येतो."

"गोष्टीत येतो गं."

मी पेटी परत लावली. त्याने परत काढली. त्याच्यावर चिडून काय उपयोग? तो वाईट नव्हता आणि मूर्खही नव्हता. मशीनचा आवाज थोडा बदलला तर तो झोपेतून उठायचा. पण ज्या वासात आपण वाढलो, ज्या वासावर आपलं घर चाललं, तो वास आपल्या जिवावर उठेल हे त्याच्या डोक्यात शिरेना. दुसरं कुणी असतं तर त्या वासाने पळून गेलं असतं. आम्ही अंडं शोधायचो.

मग खळगा गप्प झाला. त्याच्या तळाशी कायम ओल असे आणि बेडूक संध्याकाळी कलकलाट करायचे. एका संध्याकाळी मला फक्त यंत्रांची घरघर ऐकू आली. मी पुढच्या संध्याकाळी मुद्दाम खिडकीत बसून राहिले. काही नाही. "ओल आटली असेल," दादा म्हणाला. ओल होती.

वारा पडलेल्या एका सकाळी टरफलांच्या ढिगाशी कावळे मेलेले दिसले. एखादा नव्हे, ओळीने बसल्यासारखे पडलेले. "उंदरांसाठी कुणीतरी विष टाकलं असेल, तेच यांनी खाल्लं," दादा म्हणाला. आमच्या आसपास उंदीर फक्त आमच्याकडे होते आणि विष आम्ही टाकलं नव्हतं. हे मी म्हटलं तर तो म्हणाला, "भागू, तू वकील व्हायला हवी होतीस." त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असायचं. माझ्याकडे फक्त प्रश्न असायचे, आणि ते घाबरटाचे म्हणून कुणी मोजत नसे.

त्यानंतर कोल्हा. तो आमचाच म्हणायचा. ढिगावरची अंडी खायला यायचा आणि वहिनी त्याला वर्षानुवर्षं चपला फेकून मारायची. एकही कधी लागली नाही. लागू नये अशीच ती फेकायची. तो खळग्याच्या तळाशी आडवा पडला होता, तोंड चढाच्या दिशेने. अंगावर कसलीच जखम नव्हती. वहिनी बराच वेळ वरून बघत उभी राहिली. त्या दिवशी तिने माझी एकदाही थट्टा केली नाही. दुपारी ती दादाला म्हणाली, "ती पेटी लाव ना परत. भागूसाठी म्हणून लाव."

"लावतो," दादा म्हणाला. "ही खेप जाऊ दे. पेटी बोंबलत असताना गिऱ्हाइकाला पिल्लं कशी दाखवणार?"

ती खेप निघायची होती त्या सकाळी धुकं होतं. वारा अजिबात नव्हता. जाळाचा धूर सरळ वर जाऊन तिथेच अडकला होता. खाली पिल्लं फुटली होती आणि त्यांची चिवचिव जिन्यातून वर येत होती. हजारभर पिल्लं एकदम ओरडतात तेव्हा त्याचा एकच आवाज होतो, पत्र्यावर सर कोसळावी तसा. आम्हाला तो ऐकूच येत नाही, इतका सवयीचा. वहिनी पुढच्या खोलीत भोकं पाडलेले खोके जोडत होती. मी दिव्यावर अंडी धरत होते. दादा जिन्याच्या तोंडाशी उभा राहून चहा पीत होता.

वास आला. नेहमीचाच, फक्त एकदम, कुणी दार ढकलून आत यावं तसा.

"फुटलं बघ एखादं," दादा म्हणाला. "आजच फुटायचं होतं. गिऱ्हाईक नाक मुरडणार. थांब, काढून टाकतो."

मी अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले. "दादा, जाऊ नकोस. आधी पेटी लाव."

"पेटी काय सांगणार? वास येतोय, हेच ना? ते मलाही कळतंय."

मी त्याची बाही धरली. खरंच धरली, घट्ट. त्याने ती ओढली नाही. आपला अर्धा कप माझ्या त्याच हातात दिला. कप धरण्यासाठी मला बाही सोडावी लागली.

"हे धर. आलोच मी, भित्री भागूबाई," असं म्हणून तो खाली गेला.

जिन्याला वर दार आहे. मी त्या दारात उभी राहिले, एक पायरीही न उतरता. खाली तो ट्रे सरकवत होता, पिल्लांशी बोलत होता, "सरका, सरका, मालक आलाय." वास माझ्याही डोळ्यांत चुरचुरायला लागला. मी मागच्या खिडकीतून पाहिलं. खळगा धुक्याने काठोकाठ भरला होता आणि आमचा पंखा ते धुकं आत ओढत होता. ढिगावर एकही कावळा नव्हता. माझे पाय कापायला लागले, पण माझे पाय कशानेही कापतात, त्यावर कोण विश्वास ठेवणार? मी स्वतःसुद्धा ठेवला नाही.

आणि मग आवाज कमी व्हायला लागला. आधी वाटलं, माझ्याच कानात काही झालंय. सर ओसरते तसा तो ओसरत गेला. दाराकडच्या बाजूने आधी, मग मधून. शेवटी जिन्याजवळच्या ट्रेमधली काही पिल्लं सुटी सुटी ओरडत होती, एक इथे, एक तिथे, आणि मग मोठी मोठी अंतरं पडली. इतक्या वर्षांत पिल्लांनी भरलेली ती खोली मी कधी गप्प ऐकली नव्हती.

"भागू!" खालून दादा ओरडला. आवाज अगदी खुशीत होता. "गेला गं वास! अंडं सापडलं नाही, पण वास गेला!"

माझ्या हातातला कप पडला.

"दादा, वर ये! पळ! दादा, वर ये!"

"अगं, आलो, आलो," तो म्हणाला. शब्द जरा जड येत होते, झोपेतून बोलावं तसे. त्याची पावलं जिन्याकडे यायला लागली. मग एक ट्रे पडल्याचा आवाज झाला आणि त्यामागोमाग आणखी काहीतरी जड पडल्याचा. त्यानंतर फक्त पंखा फिरत राहिला.

वहिनी हातात खोका घेऊनच धावत आली. तिने माझं तोंड पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती जिन्याकडे झेपावली. मी दार ओढलं, कडी घातली आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

"सरक!"

मी सरकले नाही. तिने मला मारलं, गालावर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. "माझा नवरा आहे आत! भागू, मेले, सरक!" तिची नखं माझ्या मानेत रुतली. मी म्हणाले, "माझा दादा आहे," आणि कडी धरून राहिले. दारामागून काही आवाज येतोय का ते पाठीने ऐकत होते. येत नव्हता. मग ती एकाएकी वळली, आणि मला समजलं की ही आता बाहेरून, खळग्यातल्या दाराने जाणार. मी तिच्यावर झडप घातली. मी, जिने कधी कोंबडीची मान धरली नाही, तिने वहिनीची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला पुढच्या दारातून रस्त्यावर, रस्त्यावरून चढावर ओढत नेलं. ती किंचाळत होती, माझ्या दंडाला चावत होती. तिच्याच खिशातल्या फोनवरून मी दारावरचा तो नंबर लावला. रोज येता-जाता बघून पाठ झाला होता. घाबरट माणसाला असले नंबर पाठ असतात.

ते आले. तोंडावर मास्क, पाठीवर हवेची नळकांडी. पुढे हेल्मेटवालाच होता. ते खळग्यात उतरले आणि धुक्यात दिसेनासे झाले. आम्ही दोघी चढावर बसलो होतो आणि तिची वेणी अजून माझ्या मनगटाला होती.

दादा जिन्याच्या पायथ्याशी सापडला. तोंड वरच्या पायरीकडे होतं. त्याच्या मुठीत एक अंडं होतं, अख्खं, चांगलं, नुसतं उशिरा फुटणारं. वास घेऊन पाहत असणार. जे कुजकं अंडं तो शोधत होता ते त्या खोलीत नव्हतंच.

त्याला गाडीत ठेवलं तेव्हाही मला वाटत होतं की तो उठेल आणि म्हणेल, बघा, भागू कशी पांढरीफटक पडलीये. दवाखान्यात त्यांनी प्रयत्न केले. आम्हाला बाकावर बसवलं. मग एक डॉक्टरीण बाहेर आली आणि तिने आधी चष्मा काढला.

पुढचे महिने वहिनी माझ्याशी बोलली नाही. एकाच घरात, एकाच चुलीवर, न बोलता. लोक बोलत होते. काही म्हणाले, हिने शहाणपण केलं, नाहीतर दोघी गेल्या असत्या. काही म्हणाले, सख्ख्या भावावर दार लावलं. दोन्ही माझ्या कानावर यायचं आणि दोन्ही खरं वाटायचं. कंपनीने सांगितलं की गॅसच्या नळीवरची एक झडप नीट बसली नव्हती. काम काही दिवस बंद राहिलं. त्या दिवसांत एकदा खळग्यात एक बेडूक ओरडला. मी खिडकीत धावले, तर वहिनी आधीच तिथे उभी होती. दुसरा ओरडला नाही. मग झडप बदलली आणि यंत्रं पुन्हा घुमायला लागली.

एक दिवस जेवताना तिने ताटातून मान वर न करता विचारलं, "साहेबाचं बोलणं आठवलं म्हणून दार लावलंस, की घाबरलीस म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिलाही सोपं गेलं असतं.

"घाबरले," मी म्हणाले. "आठवलं नंतर."

तिने घास हातात धरून ठेवला. मग खाल्ला. "मी नसते घाबरले," ती म्हणाली. "मी सरळ गेले असते." आणि ती रडायला लागली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर.

हॅचरी आम्ही बंद केली नाही. ही मशीनं, ही इमारत उचलून कुठे नेणार, आणि दुसरं आम्हाला येतं काय? खालचा मजला विटा लावून बुजवला. पिल्लांची खोली आता वर आहे, माझ्या अंधाऱ्या खोलीला लागून. प्रत्येक खोलीत कंपनीने पिवळी पेटी बसवली आहे, आणि तिची पिन काढायची हिंमत कुणाची नाही. उंदीर आहेत. पाकोळ्या या वर्षी आल्या नाहीत. माळ्यावर मी अधूनमधून शिडी लावून डोकावते, पण मान वाकडी करून माझ्याकडे कुणी बघत नाही. पहाटे जाग आली की मी आधी श्वास घेऊन वास पाहते, आणि वास नसला की जास्त घाबरते, आणि मग भिंतीला कान लावून पिल्लं ओरडतायत का ते ऐकते. ओरडत असतात. तरी ऐकत राहते.

वहिनी सकाळी खोके घेऊन येते आणि पिल्लांच्या खोलीच्या दाराशी थांबते. पेटीचा हिरवा दिवा लागलेला असतो, तो ती बघतसुद्धा नाही. माझ्याकडे बघते.

"घाबरलीयेस का गं?" ती विचारते. थट्टेने नाही.

मी एकदा नीट ऐकून घेते.

"रोजच्याइतकीच," मी म्हणते, आणि मग ती दार उघडते.